“किती जण?” “एकच.” – सोलापुरात एकट्याने हॉटेलात जेवताना

सोलापुरात बदली होऊन आले तेव्हा पहिले अकरा दिवस मी रात्रीचं जेवण पार्सल आणून खोलीवर खाल्लं. हौस म्हणून नव्हे. पहिल्याच संध्याकाळी स्टेशनजवळच्या एका हॉटेलात शिरले, गल्ल्यावरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, “किती जण?” आणि माझ्या तोंडून निघालं, “पार्सल.” मग खोलीवर वर्तमानपत्र अंथरून, प्लास्टिकच्या पिशवीची गाठ सुटेना म्हणून ती दातांनी फाडून, गार पनीर खात बसले.

मी मूळची चिपळूणची. आमच्याकडे माणूस एकटा जेवायला बसला की कुणीतरी समोर येऊन बसतंच, निदान वाढायला तरी. “एकटीच जेवलीस?” हा आमच्याकडे प्रश्न नसतो, हळहळ असते. ती हळहळ डोक्यात घेऊन परगावी हॉटेलात शिरलं की पाय अडखळणारच.

आता सहा वर्षं झाली. शाखेत दरवर्षी पहिली नेमणूक झालेली मुलं-मुली येतात आणि दुसऱ्या दिवशी दबक्या आवाजात तेच विचारतात: मॅडम, रात्री जेवायचं कुठं? त्यांना जे सांगते ते इथे क्रमाने लिहिते आहे. हॉटेलांची नावं मुद्दाम देत नाही. आचारी बदलला की हॉटेल बदलतं, आणि शिव्या मला बसतात.

१) सुरुवात सकाळच्या नाश्त्याने करा

थेट रात्रीच्या जेवणाला जाऊ नका. सकाळी साडेसात ते नऊ या वेळात कुठल्याही नाश्त्याच्या हॉटेलात बघा, निम्मी माणसं एकटीच असतात. कुणी ड्युटीवर निघालेला, कुणी रात्रपाळी संपवून आलेला. उप्पीट, पोहे, इडली, कुठे सुशीला (चुरमुऱ्यांची, नाव ऐकून हसू नका, दोन प्लेट खाल) हे सगळं एका माणसाच्याच मापाचं असतं. पूर्व भागात, कन्ना चौक, अशोक चौकाकडे तेलुगू वस्ती मोठी आहे. यंत्रमाग आणि विडीच्या धंद्यावर उभा राहिलेला हा भाग सकाळी लवकर जागा होतो आणि इडली-डोसा तिथे गरम मिळतो. चार-पाच सकाळी असं बसून खाल्लं की खुर्ची ओढणं, हाक मारणं, पैसे देऊन निघणं हे अंगवळणी पडतं.

२) पाटी वाचायला शिका

एकट्या माणसाचं अर्धं काम इथेच होतं. सोलापुरात पाटीवर जे लिहिलेलं असतं ते नीट वाचलं तर आत काय वाट बघतंय ते बाहेरूनच कळतं.

“खानावळ” असं लिहिलं असेल तर निर्धास्त शिरा. खानावळ ही एकट्या माणसासाठीच जन्मलेली गोष्ट आहे. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या इथे चालत होत्या. गावाकडून एकटे आलेले त्यांचे कामगार खानावळीतच जेवायचे. गिरण्या गेल्या तरी खानावळी राहिल्या. इथे ताट माणशी असतं, मेनूकार्ड बहुतेक नसतंच, आणि “दोघांना पुरेल का” हा प्रश्नच उद्भवत नाही.

त्यातली लिंगायत खानावळ शाकाहारी. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, एखादी उसळ, आमटी, शेंगाचटणी, कारळाची चटणी, दही, सोबत कच्ची मेथी किंवा कांद्याची पात. भाकरीची ज्वारी बहुधा मालदांडी, मंगळवेढ्याच्या बाजूची. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. आम्ही भात खाणारी माणसं, आम्हाला वाटतं भाकरी म्हणजे भाकरी. तसं नाही. ही पांढरी, मऊ आणि किंचित गोडसर लागते, आणि तव्यावरून थेट ताटात आली तर भाजीचीही गरज पडत नाही.

“सावजी” अशी पाटी असेल तर ती मटणाची खानावळ. सोमवंशी सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाच्या घरचा हा स्वयंपाक, तिखट आणि तेलाचा सढळ. पहिल्यांदा जाताना पोटात काहीतरी असू द्या आणि दही आधीच मागवून ठेवा. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटणाचे वार, तेव्हा गर्दी. सोमवारी निवांत.

“परमिट रूम” किंवा “बार अँड रेस्टॉरंट” म्हणजे काय ते सांगायला नको. एकटा पुरुष तिथे जेवूनही येतो, कुणी वळून बघत नाही. एकट्या बाईने मात्र पाटी न वाचता आत शिरू नये, असं मी अनुभवाने सांगते. काही वाईट घडलं नव्हतं. बाहेर “व्हेज नॉनव्हेज” एवढंच मोठ्या अक्षरात होतं, मी आत गेले आणि बावीस माना एकदम वळल्या. मीही गांगरले, तेही गांगरले. वेटरने बिचाऱ्याने मला स्वयंपाकघराच्या बाजूने “फॅमिली”त नेलं.

हे “फॅमिली” प्रकरणही समजून घ्या. बऱ्याच हॉटेलांत वरच्या मजल्यावर किंवा आतल्या बाजूला वेगळी खोली असते, कधी पडदा लावलेली खोपटी. एकटी बाई आली की वेटर आपण होऊन तिकडे बोट दाखवतो. त्याचा हेतू बरा असतो. पण पडद्याआड गेलं की पाण्याला हाक मारली तरी ऐकू जात नाही, आणि पंखा असेलच याची खात्री नाही. मी सरळ म्हणते, “नको दादा, इथेच बसते, उजेडात.” आजवर कुणी वाद घातलेला नाही.

होटगी रोड, विजापूर रोडकडे “फॅमिली गार्डन” आहेत, हिरवळ आणि दिव्यांच्या माळांची. तिथे ताटापेक्षा प्लेटा मोठ्या, चार-पाच जणांच्या हिशेबाच्या. एकट्याने ती हौस पगार झाल्यावर करावी. पुणे आणि हैदराबाद रस्त्यावरच्या ढाब्यांवर स्वतःचं वाहन नसेल तर रात्री एकट्याने जाऊच नका. जेवण मिळेल, परत यायला रिक्षा मिळणार नाही.

३) वेळ

दुपारी सव्वाबाराला किंवा अडीचला. मधला दीड-दोन तास ऑफिसांचा. रात्री साडेसातला पोचा. आठ-साडेआठनंतर कुटुंबं यायला लागतात आणि तुमच्या चार खुर्च्यांच्या टेबलाकडे मालकाची नजर वळते. रविवारी रात्री मोठ्या हॉटेलात एकट्याने जायचंच नाही. तिथे तुम्हाला कुणी हाकलत नाही, पण ताट अर्धं असतानाच बिलाची वही शेजारी येऊन पडते. माझ्यासमोर पडली आहे. मीही मग मुद्दाम ताक मागवलं.

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो. त्या दिवसांत दुपारी जागा निवडण्याची एकच कसोटी, पंखा. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरची गर्दी स्टेशन आणि एसटी स्टँडच्या आसपास सांडते. तेव्हा त्या भागातली हॉटेलं टाळून सात रस्त्याकडे किंवा नवी पेठेत जा. उलट जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा होम मैदानावर उभ्याने, चालता चालता, एकट्याने खाण्यासारखं सुख नाही. तिथे कोण कुणाबरोबर आलंय हे कुणालाच कळत नाही.

४) दारातला तो प्रश्न

आता मूळ अडचणीकडे. “किती जण?” याला उत्तर एकच: “एकच.” मोठ्याने, एका शब्दात. “म्हणजे मी एकटीच आहे, चालेल ना?” असं काही नको. गल्ल्यावरच्या माणसाला तुमच्या एकटेपणाशी देणंघेणं नसतं, तो खुर्च्या मोजत असतो. तुम्ही चाचरलात की त्याला वाटतं मागून अजून कुणी यायचंय, मग तो तुम्हाला मधल्या मोठ्या टेबलावर बसवतो, वेटर ऑर्डर घ्यायला येत नाही, आणि तुम्ही वीस मिनिटं पाणी पीत बसता. हे माझ्या बाबतीत घडलं. शेवटी मीच विचारलं तर पोऱ्या म्हणाला, “बाकीचे येऊ द्या की ताई.”

म्हणून बसल्याबरोबर दुसरं वाक्य: “दादा, अजून कुणी यायचं नाही, ऑर्डर घ्या.” हे एक वाक्य शिकलात तरी या लेखाचं काम झालं.

सोलापूरची बोली कानाला पहिल्यांदा टोचते. मराठीत कन्नड आणि तेलुगू मिसळलेली, “काय करलालाव?” (काय करताय?) असं विचारतील, मध्येच “बे” येईल. तो अपमान नसतो. तुम्ही वेटरला दादा म्हणा, वयस्कर असेल तर काका, खानावळीत वाढणाऱ्या बाईंना मावशी किंवा अक्का. ते तुम्हाला ताई, मॅडम, पुरुषांना मालक म्हणतील. दोन महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेल्या पोराला कुणी “या मालक” म्हटलं की त्याची छाती कशी फुगते ते मी पाहिलंय.

५) टेबल

भिंतीला पाठ, दाराकडे तोंड, डोक्यावर पंखा. स्वयंपाकघराच्या दारासमोर नको (धूर आणि धक्के), बेसिनच्या शेजारी तर नकोच, लोक खाकरून चूळ भरतात. भिंतीला पाठ असली की कोण आपल्याकडे बघतंय हा संशय निम्मा होतो. दोन दिवस खरोखर लक्ष ठेवून पाहा, कुणीही बघत नसतं. प्रत्येकाचं लक्ष स्वतःच्या ताटाकडे किंवा समोरच्या टीव्हीकडे.

६) काय मागवायचं

एकट्याची खरी गैरसोय इथे आहे. मेनूकार्डवरची भाजी दोघातिघांची असते; एक भाजी, दोन रोट्या, एक भात मागवला की अर्धं उरतं आणि बिल मात्र पूर्ण येतं. यावर तोडगे:

थाळी किंवा राईस प्लेट असेल तर ती. विचारून घ्या की चपात्या-भाकऱ्या मोजून आहेत की लागतील तेवढ्या.

थाळी नसेल तर “हाफ मिळेल का?” मेनूवर छापलेलं नसलं तरी विचारा. डाळ आणि भात बहुतेक ठिकाणी हाफ देतात, पनीरला नाही म्हणतात.

तेही नाही तर पूर्ण मागवा आणि ताटात वाढून घेण्याआधीच निम्मं वेगळं काढून पार्सल करून घ्या. उष्टं झाल्यावर पार्सल मागायला आपल्यालाच संकोच वाटतो. मी आता स्वतःचा छोटा स्टीलचा डबा पर्समध्ये ठेवते. वेटर हसतो, पण भरून देतो.

मटणाच्या खानावळीत एक ताट सांगा, सुक्कं की रस्सा ते ठरवा, आणि रस्सा परत मिळतो का ते विचारा. विजापूर वेशीकडे दालचा-भात (मटण घालून शिजवलेली डाळ आणि भात) मिळतो, तोही एका माणसाचा घास; रमजानच्या संध्याकाळी त्या भागात खायला जायचं तर सोबत असली तर मजा, नसली तरी अडत नाही.

शेंगाचटणीबद्दल थोडं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. चांगली चटणी उखळात कुटलेली असते. कुटताना दाण्याचं तेल सुटतं, त्यामुळे ती ओलसर दिसते आणि बोटांत दाबली तर गोळी होते. मिक्सरमधून काढलेली भुग्यासारखी कोरडी राहते. वाढणाऱ्याने चमचाभर टाकली की तिच्यात खळगा करून दही घाला. परत मागायला लाजू नका.

७) ताट आल्यावर

हात धुवायला उठायचं आणि बॅग कुणाच्या भरवशावर ठेवायची? जोडीने जेवणाऱ्यांना हा प्रश्न कधी पडत नाही. माझी पद्धत अशी: बसण्याआधीच हात धुऊन यायचं. जेवण झाल्यावर बॅग खांद्याला लावूनच बेसिनकडे जायचं, पण टेबलावर पाण्याचा भरलेला पेला आणि रुमाल ठेवायचा, आणि वेटरला ऐकू जाईल असं “आलेच” म्हणायचं. नाहीतर परत येईपर्यंत टेबल पुसलेलं असतं आणि राहिलेलं ताक गेलेलं असतं. बॅग शेजारच्या खुर्चीवर ठेवली तर तिचा पट्टा मांडीखाली घ्या.

मोबाईलबद्दल माझं मत जुनाट आहे. ऑर्डर येईपर्यंत बघा, ताट आलं की उलटा ठेवा. भाकरी ही एका हाताने, चार बोटांनी खायची गोष्ट आहे, त्यात डावा हात मोबाईलवर आणि तर्री शर्टावर. पहिले काही दिवस रिकामं रिकामं वाटेल. मग आजूबाजूचं ऐकू यायला लागतं.

कडक भाकरीचा किस्सा सांगते, म्हणजे तुमची फजिती होणार नाही. कडक भाकरी पापडासारखी पातळ आणि वाळवलेली, ज्वारीची किंवा बाजरीची, कितीतरी दिवस टिकते. बाळीवेशीकडच्या एका खानावळीत ती पहिल्यांदा ताटात आली. मी नेहमीच्या भाकरीसारखी तोडायला गेले, टचकन आवाज झाला आणि एक तुकडा उडून पलीकडे जेवणाऱ्या आजोबांच्या वाटीत पडला. मला धरणी दुभंगावी असं झालं. आजोबांनी तुकडा बघितला, आमटीत बुडवला आणि खाऊन टाकला. वाढणाऱ्या अक्का आल्या, माझी भाकरी घेतली, दोन्ही तळव्यांत चुरली, वाटीत टाकली, वर गरम आमटी ओतली आणि म्हणाल्या, “आता जरा थांबायचं.” थांबले. काठ मऊ होतात, मधले तुकडे कुरकुरीत राहतात, तोवरच खायचं. त्या दिवशी एकटी जेवले असं मला वाटलं नाही, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पोट भरलं.

८) समोर अनोळखी माणूस बसला तर

खानावळीत गर्दीच्या वेळी बसतोच. “बसू का?” विचारेल, मान हलवा. मीठ, पाण्याचा जग पुढे सरकवा, बस्स. गप्पा मारल्याच पाहिजेत असं नाही. तुमचं आधी झालं तर उठताना “सावकाश होऊ द्या” म्हणायचं. पंगतीतून आधी उठू नये ही आपली सवय, ती अशी भागते. बाईसमोर पुरुष बसवायचा असेल तर चांगली खानावळ आधी विचारते. नको असेल तर “इथं नको काका” म्हणा, राग मानत नाहीत. कुणी फारच चौकशी करायला लागला (कुठून आलात, कुठं राहता, घरी कोण), तर “नवऱ्याची वाट बघतेय” हे खोटं बोलायला माझी हरकत नाही. त्रासच झाला तर ११२ या मदत क्रमांकावर फोन करा.

हे एकत्र बसणं जमत नसेल तर एक दिवस अक्कलकोटला जाऊन या, चाळीसेक किलोमीटर. स्वामी समर्थांच्या अन्नछत्रात पंगतीत बसा. शेजारी कोण, कुठला, काही माहीत नसतं आणि वाढणारा पुढे सरकत राहतो. माझा एक सहकारी तिथून आला आणि त्याची भीड चेपली.

९) बिल

बिल एकट्याने नीट वाचता येतं, हा फायदा. रेस्टॉरंटच्या जेवणावर जीएसटी ५ टक्के. ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे निर्देश काढले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. लावलाच तर शांतपणे काढायला सांगा, ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. खानावळीत ही भानगड नसते. पिण्याचं पाणी मागितलं की मिळायला हवं, बाटली घ्यायची सक्ती नाही. बिलावर १४ आकडी अन्नपरवाना क्रमांक असतो, तोही एकदा बघून ठेवा.

पण खिशात दोनशे रुपये रोख ठेवाच. एका रात्री माझं यूपीआय अडकलं, गोल फिरतच राहिलं. जोडीने असतं तर एकाला बसवून दुसरा एटीएमला गेला असता. मी एकटी. गल्ल्यावर जाऊन खरं सांगितलं, ओळखपत्र ठेवते म्हटलं. मालक म्हणाले, “उद्या द्या. ओळखपत्र घेऊन मी काय करू?” दुसऱ्या दिवशी सकाळी दिले. त्यानंतर त्या हॉटेलात मला “किती जण” कुणी विचारत नाही.

१०) महिनाभर खाल्ल्यावर

कुठली खानावळ पोटाला मानवते ते एव्हाना कळलेलं असेल. तिथे महिन्याचं ठरवा. आधी तीन-चार दिवस वेगवेगळ्या वारी जेवून बघा, कारण सोमवारची आमटी आणि गुरुवारची आमटी एकाच पातेल्यातली वाटली तर उपयोग नाही. सुट्ट्यांचे दिवस वजा होतात का, रविवारी रात्री चालू असते का, पाहुणा आणला तर कसं, एवढं बोलून घ्या. पैसे निम्मे आधी, निम्मे पंधरा तारखेला, असं ठरलं तर उत्तम.

आणि ज्या दिवशी जाणार नसाल त्या दिवशी दुपारपर्यंत कळवा. मी एकदा विसरले. दुसऱ्या दिवशी गेले तर अक्कांनी आधी कन्नडमध्ये “ऊटा आतेन्री?”, जेवण झालं का, असं विचारलं, मग ताट मांडलं आणि भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, “काल तुमच्या दोन झाकून ठेवल्या होत्या. साडेनऊपर्यंत बसले होते मी.”